नातू स्कूटर चालवतो, गाडी आजोबांच्या नावावर

पत्र :

माझं वय ६७. आम्ही नाशिकला दोन मुलं, सुना, नातवंडं असे एकत्र राहतो. मोठ्याचा मुलगा अकरावीत आहे, सोळा पूर्ण झाली. रोज सकाळी क्लासला ह्यांची स्कूटर घेऊन जातो. हेल्मेट नेतो, पण ते हँडलला अडकवलेलं असतं. धाकट्याची मुलगी तीन वर्षांची. तिला बालवाडीत सोडताना तिचा बाबा तिला स्कूटरवर पुढे उभी करतो. कारने कुठे जायचं असलं की ती पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर. मी काही बोलले की, "आई, आम्ही पण असेच मोठे झालो," असं उत्तर मिळतं. मागच्या आठवड्यात ह्यांच्या मोबाइलवर चलन आलं, विनाहेल्मेट. फोटोत नातू अगदी स्पष्ट दिसतोय. घरात सगळे हसले. मला हसू आलं नाही. मोठा म्हणतो, "बाबा, तुम्हीच चालवत होता म्हणून सांगा आणि विषय संपवा." कायदा नक्की काय आहे? उद्या काही झालं तर कुणाला धरतील? आणि घरात भांडण न होता हे कसं सांगू?
— एक आजी

उत्तर :

काकू, आधी कपाटातून स्कूटरचं आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र काढा आणि त्यावर मालकाचं नाव कुणाचं आहे ते बघा. पत्रावरून तरी ते तुमच्या यजमानांचं दिसतंय. तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे, आणि मला वाटतं घरात ज्या दिवशी सगळे हसले, त्या दिवशी हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

आपल्याकडे अशी समजूत असते की अल्पवयीन मुलगा पकडला गेला तर पोलीस दम देतात, वडिलांना बोलावून घेतात, पावती फाडतात आणि सोडून देतात. तो काळ १ सप्टेंबर २०१९ ला संपला. त्या दिवसापासून मोटार वाहन कायद्यातल्या मोठ्या दुरुस्त्या लागू झाल्या आणि त्यात १९९अ हे नवीन कलम आलं. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही.

ह्यातली सगळ्यात कडक गोष्ट दंडाची नाहीच. मुलाने गाडी नेली ती पालकाच्या किंवा मालकाच्या संमतीनेच नेली, असं न्यायालय गृहीत धरून चालतं. "मला माहीत नव्हतं" किंवा "मी त्याला अडवण्यासाठी जे करायला हवं ते सगळं केलं होतं" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्या यजमानांवर येईल. आता मला सांगा, रोज सकाळी दाराजवळच्या खुंटीवरून किल्ली जाते, चहा घेता घेता ते "जपून जा रे" म्हणतात, आणि त्यावर त्यांच्याच मोबाइलवर फोटोसकट चलन येऊन पडलंय. मग माहीत नव्हतं असं कोणत्या तोंडाने सांगणार?

"पण सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना?" हा प्रश्न तुमचा मोठा मुलगा विचारणार, म्हणून आत्ताच सांगते. मिळतं, पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीसाठी, आणि तेही पालकाच्या लेखी संमतीने. तुमची स्कूटर शंभर सीसीच्या पुढचीच असणार, कारण हल्ली रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक सगळ्या तशाच आहेत. तिला अठरा पूर्ण लागतात. गिअर नाही म्हणजे चालतं, हा गैरसमज घराघरात आहे. शोरूममध्येही तो कुणी फारसा दूर करत नाही.

आता अपघाताचं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नुसता धक्का लागला, तो पडला आणि मांडीचं हाड मोडलं, एवढं जरी झालं तरी प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातं. विमा आहे की, असं आपण म्हणतो. पण विम्याच्या करारात गाडी चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स असण्याची अट असते. अशा प्रकरणात न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला सांगतं की जखमीला भरपाई आधी तुम्ही द्या आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करा. मालक म्हणजे तुमचे यजमान. वसुली त्यांच्या ठेवींतून, नाहीतर मालमत्तेतून. तुमच्या स्वतःच्या स्कूटरचं नुकसान तर विसराच.

पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्या घराला नावं ठेवली. महागडी गाडी, बडं घर, त्यामुळे ते आपल्यापेक्षा वेगळे वाटले. कलम मात्र स्कूटरलाही तेच आहे.

नातवाशी बोलाल तेव्हा त्याला अपघाताची भीती घालू नका. सोळाव्या वर्षी अपघात नेहमी दुसऱ्याला होतो. त्याला पंचविशीचा हिशेब सांगा. मित्र कॉलेजला, नोकरीला आपापल्या गाडीने जातील, आणि हा पंचविशीपर्यंत कुणाच्या तरी मागे बसून. ते त्याला बरोबर लागेल. क्लासला जायला सायकल आहे, बस आहे, शेअर रिक्षा आहे. अगदीच हट्ट असेल तर पाव किलोवॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली इलेक्ट्रिक गाडी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहन धरली जात नाही, तिला लायसन्स लागत नाही. मात्र दुकानदार "वेग वाढवून देतो" म्हणाला तर तिथून परत फिरा. वेग वाढवला की ती मोटार वाहन झाली आणि तुम्ही पुन्हा १९९अ मध्ये आलात. (डोक्याला हेल्मेट तिथेही हवंच, कायदा मागो न मागो.) अठरा पूर्ण झाली की दुसऱ्या दिवशी शिकाऊ लायसन्स काढू द्या. ते सहा महिने चालतं, आणि तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तेव्हा आजोबांनी स्वतः किल्ली त्याच्या हातात द्यावी.

हँडलला लटकणाऱ्या हेल्मेटबद्दल फार लिहीत नाही. कलम १२९ म्हणतं, चार वर्षांवरच्या प्रत्येकाने, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने, भारतीय मानकाचं हेल्मेट घालायचं आणि पट्टा घट्ट लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत डोक्यावरून निघून रस्त्यावर गडगडत जातं. कायद्यात ह्याला हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित अशी तरतूद आहे. तुमच्या चलनावरचा आकडा वेगळा असेल तर गोंधळू नका. तडजोडीची रक्कम, म्हणजे कोर्टात न जाता भरायचा दंड, ठरवायचा अधिकार राज्यांना आहे, आणि महाराष्ट्राने आपले दर डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केले. २०२२ ह्या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर लोक दुचाकीच्या अपघातांत गेले. त्यातले चौदा हजारांहून जास्त मागे बसलेले होते.

मागे बसलेले म्हणजे काकू, तुम्हीपण. देवळात जाताना यजमानांच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसत असाल, तर हेल्मेट तुम्हालाही आहे. अंबाडा मोडतो, केस विस्कटतात, ओळखीच्या बायका हसतात, सगळं मान्य. पण आधी तुम्ही घातलंत तर नातवाला उत्तर सुचणार नाही. आणि मागच्या चाकावरची जाळी शाबूत आहे का तेही बघा. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, मागच्या माणसासाठी धरायला दांडी आणि पाय ठेवायला जागा हवी, असं नियमातच लिहिलेलं आहे. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर तुमचा पदरच असणार.

आता नातीकडे येते. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खुपलं ते तिचं पुढे उभं राहणं.

डोळ्यासमोर आणा. तिची हनुवटी हँडलच्या जरा वर आलेली. दोन्ही हातांनी तिने आरशाच्या दांड्या नाहीतर हँडलचा मधला भाग धरलेला. मागे बाबाचा सत्तर-पंचाहत्तर किलोचा देह. समोर कुत्रं आडवं आलं आणि बाबाने जोरात ब्रेक दाबला की तिचं तोंड हँडलवर आपटतं आणि पाठीमागून बाबाचं सगळं वजन तिच्यावर येतं. ह्यासाठी अपघात व्हावा लागत नाही, फक्त ब्रेक लागावा लागतो. आणखी एक प्रकार : सिग्नलला गाडी चालू ठेवून थांबलेलं असताना मूल खेळता खेळता उजवी मूठ पिळतं. बिनगिअरची गाडी त्याच क्षणी पुढे उडी मारते.

चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने वेगळे नियम केले आणि ते १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. मुलाला सेफ्टी हार्नेस हवा, म्हणजे जाकिटासारखा अंगात घालायचा पट्टा. तो खांद्यावरून येणाऱ्या बंदांनी चालवणाऱ्याच्या अंगाला जोडलेला असतो, तीस किलोपर्यंतचं वजन पेलणारा, मुलाच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करता येणारा. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला डोक्यात नीट बसणारं हेल्मेट हवं, ठरलेल्या मानकाचं सायकलचं लहान हेल्मेटही चालतं. आणि असं मूल गाडीवर असेल तर वेग ताशी चाळीसच्या वर न्यायचा नाही. नातीला मागे बसवावं, हार्नेस बाबाच्या अंगाला अडकवावा. ती सुरुवातीला कुरकुर करेल, कारण पुढून सगळं दिसतं आणि मागून फक्त बाबाची पाठ. आठ-दहा दिवस रडेल, मग विसरेल. मुलांचं असंच असतं.

एक गोष्ट कुणाला आवडणार नाही, पण सांगायला हवी. आई, बाबा आणि मध्ये मूल, हे आपल्याकडचं नेहमीचं दृश्य कायद्यात बसत नाही. कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याशिवाय फक्त एक माणूस. त्या एका माणसाचं वय कायद्याने लिहिलेलं नाही, म्हणजे तीन वर्षांची पोरगीसुद्धा एक माणूस. केरळने लहान मुलांसाठी सूट मागितली होती, केंद्राने दिली नाही. मला स्वतःला इथे कायदा थोडा कोरडा वाटतो. ज्या घरात एकच दुचाकी आहे आणि संध्याकाळी सातनंतर बस मिळत नाही, त्यांनी लग्नाला जायचं कसं, ह्याचं उत्तर कलमात नाही. पण तुमच्या घरात कार आहे, त्यामुळे ही सबब तुम्हाला लागू होत नाही.

पण ती कार आहे म्हणून नात सुरक्षित आहे, असंही नाही. मांडी म्हणजे सीट नव्हे. हिशेबच करून दाखवते. गाडी पन्नासच्या वेगात आहे आणि समोरच्या ट्रकवर आदळली. पुढचा भाग चेपत साधारण साठ सेंटिमीटरमध्ये ती थांबली असं धरू. त्या क्षणी आतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सोळापट जोर येतो. नात चौदा किलोची असेल तर आईच्या हातांना सव्वादोनशे किलो धरायचे आहेत, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पोतं उचलणारा हमालसुद्धा हे करू शकणार नाही. आईच्या मायेत कमी नाही, हातांत तेवढी ताकद नाही. आईने एकाच पट्ट्यात दोघींना बांधलं तर आणखी वाईट, कारण मग आईचं शरीर पुढे येताना मधली नात पट्ट्यावर दाबली जाते. आणि पुढच्या सीटची एअरबॅग सेकंदाच्या काही शतांश भागात फुगते. ती मोठ्या माणसाच्या छातीसाठी बनवलेली आहे. नातीचं डोकं नेमकं त्याच उंचीला असतं.

कायद्यातलं कलम १९४ब. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावता जो गाडी चालवतो किंवा चालवू देतो, त्याला हजार रुपये दंड. "चालवू देतो" हे शब्द लक्षात ठेवा. स्कूटर असो की कार, कायदा इथे नुसतं मुलाकडे बघत नाही. तो शेजारी बसलेल्या, किल्ली देणाऱ्या, "असू दे, जवळच जायचंय" म्हणणाऱ्या मोठ्या माणसाकडे बघतो. घरात बोलताना तुमचा सगळा भर ह्यावरच ठेवा. नातवाची किंवा नातीची तक्रार करूच नका, ती दोघं कायद्याच्या नजरेतही लहान आहेत.

चाइल्ड सीट मागच्या सीटवर बसवायची. गाडी गेल्या काही वर्षांतली असेल तर मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्याला आयसोफिक्स म्हणतात, बहुधा बाजूला छोटं चिन्हही असतं. नसतील तर गाडीच्या पट्ट्याने बांधता येणारी सीट मिळते. बसवल्यावर खालच्या बाजूला धरून जोरात हलवून बघा. इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवा. नात कोणत्या तोंडाने बसावी हे तिच्या वजन-उंचीवर आणि सीटच्या मर्यादेवर असतं, ते सीटवरच लिहिलेलं असतं. जितके दिवस मागे तोंड करून बसवता येईल तितकं मानेला चांगलं. थंडीत जाड स्वेटरवर पट्टा लावू नका, तो घट्ट वाटतो पण स्वेटर चेपला की सैल पडतो. स्वेटर काढा, पट्टा लावा, वरून शाल पांघरा. पुढे सीट लहान झाली तरी लगेच साधा पट्टा नको. पट्टा गळ्यावरून आणि पोटावरून जात असेल तर अजून उंचवटा देणारी बूस्टर सीट लागते. साधारण साडेचार ते पावणेपाच फूट उंची होईपर्यंत ती ठेवावी.

आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांनीही पट्टे लावायचे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडीत चौघे होते, मागचे दोघे गेले, पुढचे दोघे वाचले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबई पोलिसांनी मागच्या सीटवरही सक्ती सुरू केली. नियम मात्र आधीपासूनच होता.

बोलायचं कसं, हा तुमचा शेवटचा आणि खरा अवघड प्रश्न. निघायच्या घाईत, चपला घालताना बोलू नका. तेव्हा बोललेलं फक्त कटकट म्हणून ऐकलं जातं. रविवारी जेवणं झाल्यावर, सगळे बसलेले असताना बोला, आणि सुरुवात तुमच्या यजमानांना करू द्या. गाडी त्यांची, नाव त्यांचं, तुरुंगाची तरतूदही त्यांच्यासाठी. "मला ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नका" एवढं त्यांनी म्हटलं तरी मोठा मुलगा गप्प होईल. किल्ली त्या दिवसापासून खुंटीवर नको, त्यांच्या खिशात. हा रुसव्या-फुगव्याचा विषय नाही. उद्या १९९अ खाली सांगायची वेळ आली की "मी अडवलं होतं", तर त्याचा हाच पुरावा.

धाकट्याला "तू बेजबाबदार आहेस" म्हणू नका, सुनेला तर मुळीच काही म्हणू नका, नाहीतर विषय चाइल्ड सीटवरून सासू-सुनेवर जाईल. त्यापेक्षा चाइल्ड सीट आणि हार्नेस तुम्हीच आणा, नातीच्या वाढदिवसाला. आजीने दिलेलं सामान वापरलं नाही तर आजी विचारणार, हे सगळ्यांना माहीत असतं. "आम्ही पण असेच मोठे झालो" ह्याला एवढंच उत्तर द्या : हो रे, पण तुला शाळेत सोडताना तुझ्या वडिलांच्या गाडीपुढे रस्ता मोकळा असायचा. आता त्याच रस्त्यावर किती गाड्या आहेत, उद्या सकाळी चौकात उभा राहून बघ.

चलनाचं शेवटी सांगते. "मीच चालवत होतो" असं यजमानांनी कुठेही सांगायचं नाही, लिहूनही द्यायचं नाही. फोटोत नातवाचा चेहरा आहे, आणि खोटं पकडलं गेलं तर हजार-पाचशेचं प्रकरण भलतीकडे जाईल. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा ॲपवर गाडीचा नंबर टाका, चलन खरं आहे ना ते तपासा आणि तिथेच भरा. मोबाइलवर आलेल्या कुठल्याही लिंकवर टिचकी मारून पैसे भरू नका. हल्ली चलनाच्या नावाने फसवणारे मेसेज फिरतात, आणि यजमानांना येणारं पुढचं चलन तसलंच असायची शक्यता जास्त.